काचेवरचा ठिपका

दादांच्या पोटात दुखायला लागलं की ते बायकोला सांगत, ॲसिडिटी झाली. बायको म्हणायची, "हो ना, आणि ती बरी रविवारीच होते. माझी बहीण आणि तिचा नवरा दारात दिसले की लगेच."

दादा म्हणजे बायकोच्या माहेरचे थोरले जावई. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि दादा घरातल्या मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवून द्यायचे. हात असा कसबी की बोलायची सोय नाही. आणि हाताइतकंच त्यांचं मतही ठाम होतं. कवळी पांढरीशुभ्र केली की माणसाने तोंडात बशी ठेवल्यासारखी दिसते, असं ते म्हणायचे. हिरडीजवळ चहाची किंचित पिवळट झाक, पुढच्या एका दाताला केसाएवढी चीर, मग बघा. समोरच्याच्या बापाला कळणार नाही. "वस्तू वापरलेली दिसली पाहिजे," हे दादांचं ब्रीद होतं, आणि ते जेवताना, टीव्ही बघताना, पाहुण्यांना दारापर्यंत सोडतानाही ऐकवलं जायचं.

हेच ब्रीद त्यांनी आपल्या छंदाला लावलं होतं. छंद होता लढाईतल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायचा. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग मळवायचे. हो, मळवायचे. त्यातच तर खरी मजा, असं दादा सांगत. आधी सगळ्या विमानाला चंदेरी रंग, त्यावर बायकोचा केसांचा स्प्रे ("चोर आहात नुसते," बायको म्हणायची), त्यावर हिरवा रंग, आणि वाळला की ओल्या ब्रशने हळूच घासायचं. हिरवा पापुद्रा निघतो, खालचा चंदेरी रंग दिसतो, आणि वाटतं की खरोखरच कोणाच्या बुटाने पंखावरचा रंग उडालाय. काळा खडू किसून त्याची भुकटी धुराड्यांच्या मागे लावली की काजळी. पातळ तेलरंग सांध्यांतून सोडला की गळालेलं तेल. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात अशी विमानं दाटीवाटीने उभी होती. एकेक असं फाटकं, काळवंडलेलं, जणू आत्ताच मरता मरता वाचून आलंय. बघणारा "वा" म्हटल्याशिवाय राहत नसे.

एक माणूस सोडून. आणि तो माणूस त्या कपाटाला खेटून ठेवलेल्या खुर्चीत सकाळ-संध्याकाळ बसलेला असायचा.

ते दादांचे सासरे. सगळे त्यांना बाबा म्हणत. सासूबाई गेल्यानंतर ते थोरल्या लेकीकडे राहायला आले होते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबा तरुणपणी लढाईच्या काळात विमानतळावर मेकॅनिक होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे काही नाही. विचारलं तर "होतो" म्हणायचे आणि पेपर उचलायचे. माणूस मितभाषी, टापटिपीचा, स्वतःचा कप स्वतः विसळणारा. दादांनी त्यांना कवळी करून दिली होती. जीव ओतून केली होती, हिरडीजवळ ती पिवळट झाक, सगळं. बाबा "छान आहे, जावईबापू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ब्रश घेऊन ती कवळी घसाघसा घासायला लागले. झाक गेली, चीर गेली, दात पांढरे फटक. दादा न्हाणीघरातून येणारा तो खर्र खर्र आवाज ऐकायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. बाबा त्यांना 'जावईबापू' म्हणायचे आणि 'तुम्ही' म्हणायचे. लग्न झालं त्या दिवशी म्हणाले तेच, तसंच, आजही. "तुम्ही जेवलात का, जावईबापू?" "तुमचं काम चालू द्या." औषधं आणायची दादांनी, डॉक्टरकडे न्यायचं दादांनी, चष्म्याच्या काड्या घट्ट करायच्या दादांनी. आणि धाकटा जावई महिन्यातून दोन रविवारी हात हलवत यायचा, तर बाबांचा चेहरा उजळायचा. "अरे, आलास का! बस, बस. काय रे, वाळलास?" दादा तिथेच बसलेले असायचे. दादाही वाळलेलेच होते. कोणी विचारत नव्हतं.

धाकटा होता केकवाला. बेकरीत केकवर फुलं काढायचा, नक्षी काढायचा. गोल चेहऱ्याचा, हसरा, कोणाच्याही घरात पाच मिनिटांत आपल्या घरात असल्यासारखा पाय पसरून बसणारा. दादांचा छंद बघून त्यानेही विमानं करायला घेतली होती. "दादा, तुमचं बघून चळ लागला," असं तो चारचौघांत सांगायचा. वाईट काय होतं त्यात? काही नाही. म्हणूनच दादांना त्याचा राग यायचा. चांगल्या माणसाला पाण्यात पाहायचं म्हणजे फार मेहनत पडते हो.

तर एका रविवारी काय झालं, सगळे जेवायला बसले होते आणि बाबा एकदम म्हणाले, "माझंही एक होतं."

"काय, बाबा?" थोरलीने विचारलं.

बाबांनी मानेने काचेच्या कपाटाकडे दाखवलं. "विमान. लढाऊ. मी ज्याच्यावर होतो ते. शेपटीवर नऊ नंबर." मग पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "त्याचं असं छोटं करता येईल का?"

दादांचा हात ताटातच थांबला. इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती. त्यांनी तोंड उघडलं. आणि बाबा धाकट्याकडे वळून म्हणाले, "काय रे? जमेल तुला?"

आता सांगा. कपाट कोणाचं? घर कोणाचं? दादांच्या तोंडातला घास तिथेच फिरायला लागला.

धाकटाच ओशाळला. "अहो बाबा, दादा असताना मी कोण? दादाच करतील."

बाबांनी दादांकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग परत ताटाकडे. "दोघं करा," ते म्हणाले. "एक मी उशाशी ठेवीन."

एक. बाबांच्या पलंगाशी एक छोटं स्टूल होतं, त्यावर चष्मा, पाण्याचा तांब्या आणि सासूबाईंचा फोटो. तिथे एकच विमान मावणार होतं. दादांना त्या स्टुलावरची वीतभर जागा अशी डोळ्यांपुढे दिसायला लागली की जणू राज्य वाटून घ्यायचं आहे. तिथे आपलं विमान बसलं म्हणजे झालं, मग बाबा रोज झोपताना आणि उठताना आपलं काम बघतील, मग एक दिवस तोंडातून निघेल, "अरे वा, काय केलंस रे!" एवढंच. दादांना एवढंच हवं होतं. पन्नाशीच्या माणसाने हे कोणाला सांगायचं?

दादा कामाला लागले. पुस्तकं काढली. त्या जातीच्या विमानांचे जुने फोटो भिंग लावून पाहिले. वैमानिक चढताना डाव्या पंखाच्या बुडाशी पाय देतो, तिथला रंग किती उडतो. तोफांच्या तोंडाशी धूर किती लांब पसरतो. चिखलातून धावताना पोटावर शिंतोडे कसे उडतात. दात कोरायच्या सुईने त्यांनी पत्र्यावरचा एकेक खिळा उठवला. बायको म्हणाली, "अहो, एवढं पुस्तकात शोधता, पलीकडच्या खोलीत बाबा बसलेत, त्यांना विचारा की."

"ते कुठे बोलतात?"

"विचारून तर बघा."

"मला कळतं माझं काम," दादा म्हणाले. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, तुम्हाला माहीत असेलच, जावईबापू. ते 'तुम्हाला' ऐकायची दादांची तयारी नव्हती.

विमान जवळजवळ तयार झालं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, दादा मागच्या खोलीत एका दाढेवर कानस मारत बसले होते. दारात धाकटा उभा. हातात केकचा खोका.

"दादा, येऊ का? रागावू नका, कामाच्या वेळी आलो."

"ये. केक कोणाचा?"

"केक नाही," तो हसून म्हणाला आणि खोका उघडला. आत मऊ कागदाच्या गादीवर विमान होतं. शेपटीवर नऊ. "जरा बघता का? काही चुकलं असेल तर सांगा. माझं काही तुमच्यासारखं नाही."

दादांनी भिंग डोळ्याला लावलं. अशा वेळी माणूस काय शोधतो ते वेगळं सांगायला नको. नाकापासून पोटाखालून शेपटीपर्यंत भिंग फिरवलं. विमानाचे दोन अर्धे भाग चिकटवतात, तिथे सांध्याची रेघ राहतेच. पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, कुठेतरी राहतेच. इथे नव्हती. पंखाच्या बुडाशी फट असते. नव्हती. मग त्यांनी वैमानिकाच्या डोक्यावरची काच पाहिली, आणि त्यांच्या पोटात खरंच कळ आली. काच आहे की नाही तेच कळेना. आतला पट्टा, आतलं बारकं घड्याळ, सगळं पाण्याखाली असल्यासारखं स्वच्छ. दादांची काच आजवर प्रत्येक वेळी गोंदाच्या वाफेने थोडी धुरकट व्हायची. ते म्हणायचे, मुद्दाम ठेवतो. मुद्दाम कसली!

"काच कशी केलीस?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लादीचं पॉलिश असतं ना, दादा, त्यात बुडवली. मग उपडी ठेवून वर वाटी झाकली, धूळ बसू नये म्हणून. केकच्या साखरेवर झाकतो तशी." मग तो स्टूल ओढून बसला. "पण दादा, हे खेळण्यासारखं दिसतं हो. दुकानातून आत्ताच काढल्यासारखं. तुमचं बघितलं की कसं, आत्ता लढून आल्यासारखं वाटतं. मला शिकवा ना मळवायला. काजळी कशी लावता, रंग कसा उडवता. मी सगळं घेऊन आलोय बघा." आणि त्याने खरोखरच पिशवीतून काळा खडू काढला.

शिकवायला किती वेळ लागला असता? चहा होईपर्यंत झालं असतं. पण दादांना त्या क्षणी बाबांचं स्टूल दिसलं. त्यावर हे विमान, ही काच, आणि वरून दादांचीच काजळी, दादांचाच उडालेला रंग. मग दादांचं विमान कशाला कोण बघतंय? असं जळलं ना आत!

"नको," दादा म्हणाले.

"काय नको?"

"एक डागही लावू नकोस. आहे तसंच दे."

"पण दादा, तुम्हीच तर म्हणता, वापरलेलं दिसलं पाहिजे…"

"माझं वेगळं. ज्याच्या त्याच्या हाताची एक तऱ्हा असते. तुझ्या हाताला स्वच्छ काम शोभतं." दादांनी भिंग बाजूला ठेवलं आणि त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. खरं सांगतो, ठेवला. "ऐक माझं. हेच बाबांना आवडेल."

धाकट्याचे डोळे भरून आले. असा सरळ माणूस. "दादा, तुम्ही नसता तर मी आज सगळी घाण करून बसलो असतो," म्हणाला, आणि खोका छातीशी धरून गेला.

तो गेला तशी बायको दारात आली. केव्हाची उभी होती कोण जाणे.

"काय हो? स्वच्छ विमान म्हणजे खेळणं, हे रोज ऐकून आमचे कान किटले. मग त्याला असं का सांगितलंत?"

"ज्याची त्याची तऱ्हा असते."

"तऱ्हा!" ती म्हणाली. "तुमचे कान लाल झालेत बघा."

दादांनी दाढ उचलली आणि जोरात कानस मारायला सुरुवात केली. इतक्या जोरात की दाढच फुकट गेली. ती पुन्हा करावी लागली.

पण मन हलकं झालं होतं, खोटं कशाला बोला. चार-पाच दिवस दादा शीळ घालत होते. विमानावर शेवटचा हात फिरवला. खडूची भुकटी अगदी शेवटी, नुसतीच, ब्रशने थोपटून लावली. वरून वार्निश मारलं तर ती पक्की होते, पण काजळीची मखमल मरते. दादांनी वार्निश मारलं नाही. नुसतं बघायच्या वस्तूला कोण हात लावतंय?

रविवार आला. दुपारचा चहा झाला. धाकटी बहीण, धाकटा, थोरली, सगळे बाबांच्या खोलीत जमले. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. दादांनी आधी आपलं विमान पुढे केलं.

"वा!" धाकटा ओरडला. "दादा, काय केलंय! अहो बघा, चिखल बघा!"

बाबांनी विमान दोन्ही हातांत घेतलं. चष्म्याजवळ नेलं. पंखाच्या बुडाशी उडालेला रंग पाहिला, धुराड्यांमागची काजळी पाहिली, धुरकट काच पाहिली. बराच वेळ पाहिली. त्यांचा चेहरा असा काही झाला की दादांना वाटलं, आता रडतात की काय. झालं, दादांच्या मनात आलं, जिंकलो.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्याची घडी मोडली, एक टोक जिभेवर ओलं केलं, आणि ते काचेवरून फिरवायला लागले. मग नाकावरून. मग उजव्या पंखावरून. काजळी रुमालावर यायला लागली. चिखल यायला लागला. दादांचे कित्येक दिवस त्या रुमालावर काळे होऊन येत होते आणि दादा नुसते बघत होते.

"बाबा," थोरली हळूच म्हणाली, "अहो, ते मुद्दाम लावलंय."

"हो का," बाबा म्हणाले. पण हात थांबला नाही. आणि मग जो माणूस दोन शब्दांच्या वर कधी गेला नाही, तो बोलायला लागला.

"सकाळी उठलो की आधी काच पुसायची. मऊ फडक्याने. आतून, बाहेरून. लांबून शत्रूचं विमान येतं ते ठिपक्याएवढंच दिसतं. काचेवर ठिपका राहिला तर वैमानिक त्यालाच विमान समजून मान वळवणार. आणि रोज तसंच व्हायला लागलं, की खरं आलं तरी म्हणणार, काचेवरची घाण आहे. म्हणून काच. मग पंख. पंख घासून गुळगुळीत केला की विमान थोडं जोरात जातं. थोडंच. पण मागे कोणी लागलं तर थोडंच पुरतं." त्यांनी रुमालाचं दुसरं टोक घेतलं. "वैमानिक म्हणजे पोरगं होतं ते, माझ्याहून लहान. बुटाला चिखल घेऊन चढायचं. मी ओरडायचो. मग पायाखाली गोणपाट टाकायला लागलो. रंग उडाला की त्याच दिवशी लावायचा. माझ्या विमानाला कोणी बोट दाखवलं नाही कधी."

"मग ते… परत आलं, बाबा?" धाकटीने विचारलं.

"रोज आलं," बाबा म्हणाले. "एक दिवस मला ताप होता. उठवेना. पुसायला दुसरा कोणी होता." त्यांनी विमानाकडे पाहिलं. एक पंख स्वच्छ झाला होता, दुसरा तसाच मळका होता. "पुसलं की नाही, मला माहीत नाही."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

बाबांनी ते विमान चादरीवर जपून ठेवलं आणि दादांकडे पाहिलं. "कारागिरी मोठी आहे, जावईबापू. राग मानू नका. तुमचं ते कपाट बघताना मला नेहमी वाटायचं, या विमानांना कोणी माणूस नव्हता का? एवढी सगळी, आणि एकालाही पुसणारं कोणी नाही. म्हणून तुम्हाला विचारायला जीभ रेटली नाही. घर तुमचं, काय बोलणार?"

दादांना कोणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग धाकट्याने खोका उघडला. बाबांनी विमान उचललं, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरलं. काचेतून उजेड आरपार गेला. त्यांनी अंगठा काचेवरून फिरवला, पंखावरून फिरवला, पोटाखाली पाहिलं, शेपटीवरचा नऊ पाहिला. आणि हसले. ती पांढरी फटक कवळी पूर्ण दिसेपर्यंत हसले.

"हे," ते म्हणाले. "हे माझं. सकाळचं. नुकतं पुसून ठेवलेलं." मग धाकट्याकडे वळले. "अरे, तुला कसं सुचलं असं स्वच्छ ठेवायचं? मी तर कोणाला बोललो नव्हतो."

दादांनी डोळे मिटले. पुढे काय होणार ते त्यांना कळलं होतं. धाकटा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"मला कसलं सुचतंय, बाबा!" धाकटा म्हणाला. "मी तर खडू घेऊन निघालो होतो. दादांनी हात धरला. म्हणाले, एक डागही लावू नकोस, हेच बाबांना आवडेल. अगदी याच शब्दांत. हे दादांचंच आहे, माझे नुसते हात."

खोलीत सगळे दादांकडे बघायला लागले. बायकोही बघत होती. तिची नजर मात्र वेगळी होती. सगळं माहीत असलेल्या माणसाची.

बाबांनी हात पुढे केला. दादांना काही कळेना, म्हणून बाबांनी पलंगावरून वाकून त्यांचं मनगट धरलं आणि ओढून जवळ बसवलं.

"तुला कळलं होतं रे?" बाबा म्हणाले. "कधी बोलला नाहीस. स्वतःचं तसं केलंस आणि त्याला हे सांगितलंस? आपलं मागे ठेवून? लेका, मी तुला ओळखलंच नाही रे. इतकी वर्षं एका घरात राहून."

तुला. लेका. दोन्ही शब्द आले. ज्यांच्यासाठी दादांनी अर्धं आयुष्य जळून काढलं होतं ते शब्द असे ओंजळभर मिळाले, आणि दादांना ते ओंजळीत धरवेनात. "बाबा, मी…" ते म्हणाले. बाबांना वाटलं, माणूस गहिवरला. त्यांनी पाठीवर थोपटलं. धाकट्याने तर डोळेच पुसले.

"चहा टाकते परत," बायको म्हणाली आणि बाहेर गेली. त्या दिवशी ती दादांना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

स्वच्छ विमान स्टुलावर बसलं, चष्मा आणि सासूबाईंच्या फोटोच्या मधे. दादांचं विमान काचेच्या कपाटात परत गेलं, एक पंख पुसलेला, एक मळका. दादांनी ते पुन्हा रंगवलं नाही. येणारे पाहुणे विचारतात, हे अर्धं का राहिलं? दादा म्हणतात, राहिलं.

आणि आता रोज सकाळी कवळी घासून झाली की न्हाणीघरातून हाक येते, "अरे, आलास का?" दादा बाबांच्या खोलीत जातात. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून विमान दादांनी धरायचं आणि पुसायचंही दादांनीच. चष्म्याचं मऊ फडकं. आधी काच, मग पंख. बाबा उशीला टेकून बघत राहतात. "तिथे, तिथे राहिलं बघ," म्हणतात, जिथे काही राहिलेलं नसतं तिथे. दादा तिथेही पुसतात. तिथे सांधा शोधून सापडत नाही, हे आता त्यांना पाठ झालंय.

एकदा त्यांनी धीर केला. बायको दारात भाजीची टोपली घेऊन उभी होती, तिच्यासमोरच.

"बाबा, एक सांगायचं होतं. ते त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं ना, ते…"

"आधी काच," बाबा म्हणाले. "बोलताना फुंकर जाते तिच्यावर."

दादांनी तोंड मिटलं आणि काच पुसली. बायको थोडा वेळ थांबली, मग आत गेली.

धाकटा अजून महिन्यातून दोन रविवारी येतो, पाय पसरून बसतो, बाबा त्यालाही "अरे" म्हणतात, आणि दादांच्या पोटात दुखत नाही. त्याचा हेवा संपला. पण सवय अशी एकदम जात नाही. रोज सकाळी फडकं हातात घेऊन, बाबांच्या त्या समाधानी नजरेसमोर बसलं की दादांना एका माणसाचा असा काही हेवा वाटतो की जीव नुसता तुटतो: त्या थोरल्या जावयाचा, जो न सांगता सगळं समजला होता, आणि जो बाबांना समोर बसलेला दिसतो.